उजवा पाय: एकाच बाजूला चढलेल्या एपिड्यूरलनंतरचं एक प्रकरण

हे प्रकरण लिहायला मुलीच्या आईवडिलांनी परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलीला इथे मनू म्हणते. भूल मीच दिली होती, त्यामुळे हे त्रयस्थाचं लिखाण नाही. घटनाक्रम नोंदींवरून लिहिला आहे. नोंदी जिथे तोकड्या आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

पार्श्वभूमी

मनू ११ वर्षांची, वजन २६ किलो. डाव्या मूत्रपिंडातून निघणारी नळी सुरुवातीलाच अरुंद होती, त्यामुळे मूत्रपिंड फुगत चाललं होतं. अरुंद भाग काढून नळी पुन्हा जोडायची, म्हणजे पायलोप्लास्टी करायची ठरली. चिरा डाव्या कुशीत. बाकी प्रकृती उत्तम, रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि प्लेटलेट व्यवस्थित. वडील शेती करतात. रुग्णालय तालुक्याच्या गावी आहे. तिथे एमआरआय नाही. पूर्णवेळ भूलतज्ज्ञही नाही. मी तिथे ठरलेल्या दिवशी जाते आणि त्याच दिवशी आणखी दोन ठिकाणी केसेस असतात. छोट्या गावांत बहुतेक भूलतज्ज्ञांचं काम असंच चालतं, आणि या प्रकरणाचा अर्धा भाग त्यातूनच घडला.

पूर्ण भूल द्यायची आणि नंतरच्या वेदनेसाठी पाठीत एपिड्यूरल कॅथेटर, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बधिरतेचं औषध सोडणारी बारीक नळी ठेवायची, असं मी ठरवलं. आजीचा विरोध होता. "पाठीत सुई नको बाई, जन्माची कंबर जाते," असं त्या म्हणाल्या. मी त्यांना समजावलं, आईवडिलांनी सही केली. मनूला मी मास्कबद्दल सांगितलं, सलाईनबद्दल सांगितलं. पाय काही वेळ जड वाटेल, हलणार नाही, हे मात्र तिला सांगितलं नाही. ते तिला माहीत असायची गरज आहे असं मला तेव्हा वाटलंच नाही.

मुलांमध्ये एपिड्यूरल सहसा पूर्ण भुलेतच घालतात, कारण जागं मूल त्या कुशीवर स्थिर राहत नाही. तोटा असा की सुई टोचताना कुठे कळ गेली हे मूल सांगू शकत नाही आणि औषध नीट चढलं का हे तपासताही येत नाही. मनूला बाराव्या छातीच्या आणि पहिल्या कमरेच्या मणक्यामध्ये सुई घातली. सलाईनने जागा शोधली, ती त्वचेपासून अडीच सेंटिमीटरवर मिळाली. मुलांत साधारण एका किलोला एक मिलिमीटर असा अंदाज असतो, त्याच्याशी हे जुळणारं होतं. कॅथेटर जागेत ४ सेंटिमीटर ठेवला. चाचणीचा डोस दिला, काही बदल नाही. मग ०.२५ टक्के बुपिव्हाकेन हे बधिरतेचं औषध १३ मिलिलिटर दिलं.

चिरा दिला तेव्हा नाडी ९६ वरून १२४ वर गेली. एपिड्यूरल चांगलं लागलं असेल तर असं व्हायला नको. मी फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं, सेव्होफ्लुरेन हा भुलेचा वायू वाढवला, नाडी खाली आली आणि मी पुढे गेले. या प्रकरणातला पहिला निर्णय तिथे झाला, आणि तो निर्णय आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दुपारी दोन ते रात्री आठ

शस्त्रक्रिया सव्वाला संपली. ०.१२५ टक्के बुपिव्हाकेन ताशी ५ मिलिलिटर असा पंप लावून दिला. रात्री वॉर्डात श्वासावर सतत लक्ष ठेवता येणार नाही म्हणून त्यात फेंटानिल मिसळलं नाही. मनू डोळे उघडत होती, रडत नव्हती. मी दुसऱ्या गावी केससाठी निघाले.

दोन वाजल्यापासून ती रडायला लागली. सिस्टरांना वाटलं, एपिड्यूरल चालू आहे म्हणजे दुखणार नाही, पोर घाबरली असेल. साडेतीनला आरएमओंचा, म्हणजे रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, पेशंट कुरकुर करतेय, पण मला तरी मानसिक वाटतंय." मी फोनवरच ताशी ८ मिलिलिटर करा म्हणून सांगितलं. तिच्या वजनाला ताशी ०.४ मिलिग्रॅम प्रतिकिलो ही मर्यादा जवळपास ८.३ मिलिलिटरला येते, म्हणजे डोस सुरक्षित होता. पण कुठली बाजू बधिर आहे, कुठली नाही, हे मी विचारलं नाही. पॅरासिटामॉल मी "गरज पडल्यास" असं लिहिलं होतं, आणि गरज पडली आहे असं कुणाला वाटलं नाही, म्हणून ते दिलंच गेलं नाही.

सहाच्या सुमारास मनूने सिस्टरांना विचारलं, "माझा पाय आजोबांसारखा झाला काय?" हे मला नंतर कळलं. सिस्टरांची ड्यूटी बदलत होती, कामाची घाई होती. प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

मी आठला पोचले. बर्फाचा तुकडा घेऊन तपासलं. उजव्या बाजूला बेंबीच्या पातळीपासून गुडघ्याच्या खालपर्यंत थंड अजिबात कळत नव्हतं. उजवा गुडघा वाकत नव्हता. डावीकडे, जिथे चिरा होता, तिथे सगळं लख्ख कळत होतं. वेदना दहापैकी नऊ. वाढवलेलं औषध सगळं उजवीकडेच गेलं होतं. चिरा दुखतच राहिला आणि चांगला पाय मात्र मेल्यासारखा पडला.

आठ वाजताचे पर्याय

एका बाजूचं एपिड्यूरल बहुधा कॅथेटरचं टोक बाजूला सरकल्याने होतं, कधी ते मज्जातंतू बाहेर पडण्याच्या छिद्रापर्यंतही जातं. जितका कॅथेटर आत जास्त, तितकी ही शक्यता जास्त. माझ्यासमोर तीन रस्ते होते. कॅथेटर थोडा मागे ओढायचा आणि पुन्हा औषध द्यायचं. नाहीतर पुन्हा भूल देऊन नवीन एपिड्यूरल घालायचं. किंवा एपिड्यूरलचा नाद सोडून शिरेतून मॉर्फिन सुरू करायचं.

दुसरा पर्याय मी लगेच बाजूला ठेवला. सहा तास तळमळलेल्या मुलीला, तिच्या आजीसमोरून, पुन्हा आत न्यायची माझी तयारी नव्हती. कारण थोडं भावनिक होतं, पण वैद्यकीयही होतं, कारण दुसरंही तसंच फसलं असतं तर हातात काही उरलं नसतं. पंप थांबवला, कॅथेटर दीड सेंटिमीटर मागे घेतला, तिला डाव्या कुशीवर वळवलं आणि ०.१२५ टक्के औषध ८ मिलिलिटर दिलं. स्वतःला अर्ध्या तासाची मुदत घालून दिली. अर्ध्या तासाने डावीकडे थोडी बधिरता आली, वेदना नऊवरून सहावर. मला आणखी एकदा प्रयत्न करायचा मोह झाला. आपण घातलेलं एपिड्यूरल सोडून देणं भूलतज्ज्ञाला जड जातं.

मुदत पाळली. तिला अतिदक्षता विभागात हलवलं, पॅरासिटामॉल ४०० मिलिग्रॅम दिलं आणि मॉर्फिन थोडं थोडं, प्रतिसाद बघत. सर्जनना मूत्रपिंडामुळे डायक्लोफेनॅकसारखी औषधं नको होती. दहा वाजता वेदना तीनवर आली आणि ती झोपली.

अतिदक्षता विभागातल्या सिस्टरांनी रात्रभर दर तासाला दोन्ही पायांची नोंद ठेवली. पहाटे दोनला उजवा गुडघा वाकला. सकाळी सहाला मनूने दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि आपली आपण कूस बदलली. त्या दोन ओळींच्या नोंदीचं मोल दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी आठला कॅथेटर काढला, टोक अखंड होतं.

दुसरा दिवस, अकरा वाजता

फिजिओथेरपिस्ट तिला उभं करायला गेले आणि उजवा पाय दुमडला. पलंगावर आणून बघितलं, तर उजवा पाय अजिबात उचलता येईना. हात लावलेलाही कळत नव्हता, जांघेपर्यंत.

एपिड्यूरल देणाऱ्याची झोप उडवणारं चित्र हेच. पायात आलेली ताकद पुन्हा जाणं, तेही कॅथेटर काढल्यानंतर, म्हणजे पाठीच्या कण्यात रक्त साचून मज्जारज्जूवर दाब येत असल्याची शक्यता. मुलांमध्ये हे फारच दुर्मीळ आहे. पण झालं असेल तर ८ ते १२ तासांच्या आत दाब काढला नाही, तर पाय परत येण्याची आशा झपाट्याने कमी होते. घड्याळ अकराला सुरू झालं होतं.

तपासणीत मात्र वेगळं दिसत होतं. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर येणारे झटके दोन्हीकडे सारखे. तळव्यावर ओरखडा ओढल्यावर अंगठा खाली जात होता. स्नायूंचा ताण नेहमीसारखा. बधिरता जांघेत सरळ रेघ मारल्यासारखी संपत होती, एकेका मज्जातंतूच्या पट्ट्याप्रमाणे नाही. पाठ दुखत नव्हती, सुईच्या जागी दाबल्यावरही नाही. गुदद्वाराभोवतीची संवेदना शाबूत. लघवीची नळी घातलेली असल्यामुळे मूत्राशयाचं काम बघता येत नव्हतं, हा एक आधार नव्हताच.

मग १९०८ साली चार्ल्स हूवर यांनी सांगितलेली खूण तपासली. उजव्या टाचेखाली हात ठेवून "खाली दाब" म्हटलं, तर काहीच जोर नाही. मग डावा पाय माझ्या हाताविरुद्ध वर उचलायला सांगितला. तो उचलताना उजवी टाच आपोआप माझ्या हातात जोरात दाबली गेली. म्हणजे स्नायूला ताकद आहे, मेंदूपासून तिथपर्यंतचा रस्ताही चालू आहे, फक्त मुद्दाम हुकूम दिला की तो पोचत नाही. डाव्या कुशीत ताजी जखम होती, त्यामुळे डावा पाय उचलताना तिला दुखत होतं. वेदनेने ही खूण बिघडू शकते म्हणून मी एकदाच केली आणि तिच्यावर सगळा भार टाकला नाही.

माझ्यामागून आरएमओ हळूच म्हणाले, "मॅडम, नाटक करतेय."

एमआरआय करायचा की नाही

थांबून बघावं, असं एक मत होतं. कार्यात्मक लक्षणांच्या, म्हणजे अवयव शाबूत असून त्याचं काम अडण्याच्या, खुणा इतक्या स्पष्ट आहेत, ४० किलोमीटरवर नेऊन एमआरआय केला तर "काहीतरी भयंकर आहे" हेच मुलीच्या मनात पक्कं होईल. हा मुद्दा खोटा नाही. कार्यात्मक आजारात तपासण्यांची माळ लागली की आजार रुजतो.

दुसरं मत माझं. हूवरची खूण असली म्हणजे रक्त साचलेलं नाही असं ठरत नाही, दोन्ही एकाच मुलीत असू शकतात. आदल्या दिवशी याच मुलीची खरी वेदना आम्ही "मानसिक" म्हणून सहा तास लांबवली होती. त्या वेळी कुणी तपासलं नव्हतं. या वेळी तपासलं होतं, हा फरक मोठा होता. पण चूक झाली तर तिचा पाय जाणार होता. एमआरआय करायचा, लगेच करायचा आणि एकदाच करायचा, असं ठरवलं. भूल किंवा झोपेचं औषध द्यायचं नाही, कारण पायावर नजर ठेवायची होती.

निघण्याआधी आईवडिलांना सांगितलं, "मणक्यात रक्त साचलं असेल तर तातडीने ऑपरेशन लागेल, म्हणून बघतोय. तपासणीवरून मला तसं वाटत नाही. एमआरआय चांगला आला तर हा पाय दुसऱ्या कारणाने अडलाय, आणि त्यालाही उपाय आहे." आधीच असं सांगितलं, हे मला आजही या प्रकरणातलं बरोबर पाऊल वाटतं.

रुग्णवाहिकेत मनूला डुलकी लागली. गाडीने ब्रेक मारला तेव्हा तिने झोपेतच उजवा गुडघा वर ओढला. मी पाहिलं, आईनेही पाहिलं. आई माझ्याकडे बघायला लागली. मी मानेने "असू दे" म्हटलं आणि वहीत वेळ लिहिली. तिला उठवून "बघ, हलला की तुझा पाय!" म्हणणं सोपं होतं. त्याने ती चोर ठरली असती.

दोन वाजून दहा मिनिटांनी एमआरआय झाला. रक्त साचलेलं नाही, मज्जारज्जू व्यवस्थित. अकरापासून तीन तास दहा मिनिटं.

सांगणं, दोनदा

संध्याकाळी परत आल्यावर मी दुसऱ्या केसला गेले आणि निष्कर्ष सांगायचं काम आरएमओंवर सोडलं. ते म्हणाले, "रिपोर्ट एकदम नॉर्मल. काहीही झालेलं नाही." वडिलांनी विचारलं, "मग चालत का नाही?" याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. त्या रात्री वडील मनूवर ओरडले. आजीने दृष्ट काढली. बुधवारी सकाळी मनू भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि आता डावा पायही जड वाटतो म्हणत होती.

मी खुर्ची ओढून बसले. आधी मनूशी बोलले. "सोमवारी दुपारी तू दुखतंय म्हणालीस ना, ते खरं होतं. औषध भलत्या बाजूला गेलं होतं. आम्ही सहा तास तुझं ऐकलं नाही. चूक माझी होती." ती वळली नाही, पण रडायला लागली. बराच वेळ रडली. मग सांगितलं की उजवा पायसुद्धा त्या दिवशी खरंच बधिर झाला होता, औषधाने, आणि हे तुला आधी सांगायला हवं होतं.

नंतर तिला आणि वडिलांना हूवरची खूण करून दाखवली. वडिलांचा हात तिच्या टाचेखाली ठेवला. टाच दाबली गेली तसे ते चमकले. त्यांना म्हटलं, "विहिरीवरची मोटार जळलेली नाही, केबलही तुटलेली नाही. स्टार्टर पकडत नाहीये."

"मग दाबायचा की स्टार्टर," ते म्हणाले.

"ती दाबतेच आहे. जितकं जोर लावून दाबते तितका तो पकडत नाही. पायाकडे लक्ष नसतं तेव्हा पकडतो. म्हणून तिला ओरडून उपयोग नाही. ती खोटं बोलत नाहीये."

"मानसिक" हा शब्द मी वापरला नाही, "कार्यात्मक" म्हटलं. शब्द बदलून आजार बरा होत नाही, पण आपल्याकडे "मानसिक" म्हटलं की ऐकणाऱ्याला "खोटं" ऐकू येतं, आणि मग मुलाला बरं होण्याची वाटच राहत नाही, कारण बरं झालं तर खोटेपणा सिद्ध होतो.

त्याच बोलण्यात आईने सांगितलं की मनूचे आजोबा लकवा मारल्यापासून दोन वर्षं अंथरुणाला होते आणि गेल्या वर्षी वारले. उजवी बाजू गेली होती. मनू त्यांना पाणी द्यायची. मग सिस्टरांनी सोमवारचा तो प्रश्न सांगितला. यावरून "कारण सापडलं" म्हणावंसं वाटतं, पण मी म्हणत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, या निदानासाठी मानसिक ताण सापडलाच पाहिजे ही अट काढून टाकली, आणि ते योग्यच आहे. निदान खुणांवरून करायचं, घरातल्या गोष्टींवरून नाही. मात्र तिच्या भीतीला उत्तर देता आलं. आजोबांच्या मेंदूत काय झालं होतं आणि तुझ्यात ते का नाही, हे चित्र काढून सांगितलं.

उपचार

व्हीलचेअर आणि काठी दोन्ही दिली नाहीत. फिजिओथेरपिस्टना "पाय उचल" म्हणायची बंदी. पलंगाच्या कडेला बसवून चेंडू दोन्ही पावलांकडे टाकायचा, फुगडीच्या ठेक्यावर टाचा आपटायच्या, उभं राहिल्यावर सतराचा पाढा म्हणायचा. सतराच्या पाढ्यात डोकं गुंतलं की पाय आपलं काम करायचा. डावा पाय त्याच दिवशी पूर्ववत झाला. गुरुवारी ती पलंग धरून उभी राहिली. बालमानसतज्ज्ञ त्या दिवशी भेट देतात, ते येऊन गेले आणि त्यांनी पुढच्या भेटी ठरवल्या. शनिवारी ती खोलीत चालली, थोडी ओढत. सोमवारी वडिलांचं बोट धरून घरी गेली.

आजी शेवटपर्यंत पाठीतल्या सुईलाच दोष देत राहिल्या. त्यांचं पूर्ण चुकत होतं असं मला म्हणता येत नाही.

आज काय वेगळं करेन

चिऱ्याला नाडी वाढली की एपिड्यूरल फसलंय असं धरून चालेन. उलट सिद्ध होईपर्यंत. मग तिथेच, भुलेत असतानाच, कॅथेटर मागे घेता येतो, किंवा सर्जनना जखमेत बधिरतेचं औषध भरायला सांगता येतं. मूल जागं झालं की बर्फ लावून दोन्ही बाजू बघितल्याशिवाय रुग्णालय सोडणार नाही. पुढची केस वीस मिनिटं थांबते.

फोनवर रेट वाढवणार नाही. "दुखतंय" असा फोन आला तर आधी विचारेन, थंड कुठे कळतं, पाय हलतो का. वाकत नसलेल्या पायाला आणखी औषध देणं हे उत्तर कधीच नसतं. पॅरासिटामॉल वेळेवर लिहीन, "गरज पडल्यास" नाही. आता आमच्याकडे पंपावर कागद चिकटवलेला असतो: पाय हलत नसेल तर सिस्टरांनी पंप स्वतः थांबवायचा, मग फोन करायचा, आणि ४ तासांत ताकद आली नाही तर एमआरआय.

आणि मुळात, एका कुशीतल्या चिऱ्यासाठी, रात्री भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी, एपिड्यूरलच हवं होतं का? एका बाजूचा ब्लॉक, म्हणजे त्याच बाजूचे मज्जातंतू बधिर करणारं इंजेक्शन, आणि शिरेतलं औषध पुरलं असतं. मला एपिड्यूरल चांगलं येतं म्हणून मी ते निवडलं, हे मान्य करते.

एमआरआयनंतर आरएमओंना बोलायला पाठवलं ते मी पुन्हा करणार नाही. निदान सांगणं हाही उपचारच असतो, आणि तो मी केसच्या गडबडीत दुसऱ्याच्या हातात दिला. डावा पाय त्या एका रात्रीत गेला.

पाच आठवड्यांनी

नळीत ठेवलेला स्टेंट काढायला मनू परत आली. पुन्हा भूल. चालत आली, लंगडत नव्हती. "पाठीत नाही ना?" तिने विचारलं. नाही म्हटलं, या वेळी दहा मिनिटांचं काम आहे, गरज नाही. उठल्यावर काय काय वाटू शकतं ते क्रमाने सांगितलं: घसा खवखवेल, लघवीला जळजळेल, पाय थोडे जड वाटले तर ते भुलेचं असेल. मास्क तिने स्वतःच्या हाताने धरला.

जागी झाल्यावर उजवा पाय पुन्हा उचलता येईना. वडिलांचा चेहरा उतरला, पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी तिच्या टाचेखाली हात ठेवला, डावा पाय उचल म्हणाले, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मग दोघं सतराचा पाढा म्हणत बसले. दीड तासाने ती उठून एकटी बाथरूमला गेली.